दुपारचा खेळ

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आठव्या क्रमांकाला एक लहानसा ठराव आहे. दर बुधवारी दुपारी मंडळाचे सभागृह साठ वर्षांवरील सभासदांसाठी व त्यांच्या ओळखीपाळखीच्या मंडळींसाठी विनामूल्य द्यावे, तेथे चित्रपट दाखवला जावा, आणि त्यासाठी प्रोजेक्टर व पडदा घेण्याचा खर्च मंजूर करावा, असा तो ठराव आहे. विषयपत्रिकेत तो हिशेबतपासनीसाच्या नेमणुकीनंतर आणि आयत्या वेळच्या विषयांच्या आधी आला आहे. त्या वेळेपर्यंत निम्मी सभा जेवणाच्या पंगतीकडे सरकलेली असते, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. म्हणून सभेच्या आधीच या अंकात त्याबद्दल लिहीत आहोत.

प्रथम एक कबुली. हीच सूचना मागेही एकदा तोंडी आली होती आणि तेव्हा आम्हीच ती हसण्यावारी नेली होती. "आजोबांना आता सिनेमा दाखवायचा का?" हे वाक्य आमच्यापैकीच एकाचे होते. आज ते परत घेत आहोत.

आपली बहुतेक घरे भोपाळात कशी आली, हे आठवून पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरातून, तशीच ग्वाल्हेर व इंदूरहून, कचेऱ्यांच्या फायलींबरोबर माणसेही इकडे हलली. फायली लावणाऱ्यांत मराठी कारकून आणि हिशेबनीस पुष्कळ होते. १९६० मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना सुरू झाला, तेव्हा पिपलानी-बरखेड्याच्या वस्तीत आणखी घरे आली. ज्या नगरात सरकारी क्वार्टर मिळाली त्याला तात्या टोप्यांचे नाव होते, एवढाच काय तो दिलासा. बाकी मराठी दुकान नाही, मराठी शाळा हाताच्या बोटांवर, नाटक वर्षातून एखादे. त्या काळात दोन गोष्टींनी या घरांना शहराशी जोडले. एक गणेशोत्सव आणि दुसरी टॉकीज.

आजही या शहराचा नकाशा टॉकीजच्या नावांनी बोलतो. भोपाळ टॉकीज चौराहा, भारत टॉकीज, अल्पना तिराहा, ज्योती टॉकीज, सरगम, लिली, न्यू मार्केटचे रंगमहल. मिनीबसचा कंडक्टर ही नावे ओरडतो तेव्हा तिथे उतरणाऱ्या नव्या पिढीला ती थांब्यांची नावे वाटतात. बारा, तीन, सहा आणि नऊ हे चार खेळ म्हणजे त्या वेळच्या शहराचे घड्याळ होते. त्यात बाराचा मॅटिनी हा गरिबांचा आणि जुन्या चित्रपटांचा खेळ. तिकीट कमी, गर्दी कमी. कॉलेज बुडवणारी मुले, रात्रपाळी करून आलेले कामगार आणि घरचे आवरून शेजारणीबरोबर निघालेल्या बायका, असा त्याचा प्रेक्षक. आपल्याकडच्या कित्येक आजींनी आयुष्यातले निम्मे चित्रपट या एकाच वेळी पाहिले असतील, कारण सहाच्या खेळाला गेले तर स्वयंपाक कोण करणार आणि नऊच्या खेळाला जाण्याची पद्धत नव्हती.

मॅटिनी गेली आणि तो प्रेक्षक घरी बसला. मॉलमध्ये आता सकाळी नऊपासून खेळ असतात, हे खरे. पण तिथपर्यंत पोचायचे म्हणजे तळघरातले पार्किंग, सरकता जिना, मोबाइलवर काढलेले तिकीट, दारावरची झडती, आणि मग अंधारात उजळलेल्या आकड्यांवरून शोधायची खुर्ची. आवाज इतका मोठा की कानातले यंत्र काढून खिशात ठेवावे लागते, आणि ते काढले की संवाद ऐकू येत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधल्या पायऱ्यांना धरायला कठडा नसतो. मध्यंतर एकच, तेही घाईचे. मधुमेह असलेल्या किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला ते पुरत नाही. शिवाय एकट्याने जायचे. मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला, सून कामावर, नातवंडांची परीक्षा. आमच्या पाहण्यात असे कित्येक ज्येष्ठ आहेत ज्यांनी थिएटरात पाहिलेला शेवटचा चित्रपट कोणता, हे त्यांना आठवत नाही. मात्र तो कोणाबरोबर पाहिला, हे बहुतेकांना आठवते.

दुपारच का, असेही विचारले गेले आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या किंवा व्हायच्या असलेल्या माणसाला समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा काय त्रास होतो, हे ज्याने अनुभवले तो हा प्रश्न विचारणार नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडला की रिक्षावाल्याचे भाडे वाढते आणि घरच्यांची काळजी त्याहून अधिक. संध्याकाळची वेळ तशीही मोकळी नसते; कोणी देवळात, कोणी बागेत, कोणी नातवाला शिकवणीहून आणायला जातो. रिकामी असते ती दुपार. जेवण झाले, भांडी झाली, वर्तमानपत्र दोनदा वाचून झाले आणि चहाला अजून दोन तास आहेत. एकट्या माणसाला दिवसातला सर्वात लांब वाटणारा तुकडा हाच.

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच एका सभासदाच्या बाबतीत जे घडले ते नाव न घेता सांगतो. सत्तरी उलटलेले गृहस्थ, पत्नी वारलेली, मुले परदेशी. दुपारी न्हाणीघरात पाय घसरून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी दुधाची पिशवी तशीच राहिली, म्हणून दूधवाल्याने शेजाऱ्यांना हाक मारली. गृहस्थ वाचले, आज काठी घेऊन चालतात. इस्पितळात त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "दूधवाला रोज येतो म्हणून बरे. तुम्ही वर्षातून एकदा वर्गणीला येता." त्यांनी हे हसून म्हटले होते. आम्हाला हसता आले नाही.

आठव्या ठरावाच्या मुळाशी हे आहे. बुधवारच्या खेळाला येणाऱ्यांची एक वही असेल. येताना सही करायची. ज्याची सही दोन बुधवार दिसली नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी फोन जाईल. चित्रपट कोणता लागला, हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे.

"घरी टीव्ही आहे, मोबाइल आहे, हवे ते चित्रपट हव्या त्या वेळी दिसतात, मग हा खटाटोप कशाला?" असे कार्यकारिणीच्या एका तरुण सदस्याने विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्यांनी तो आदराने विचारला. टीव्हीसमोर बसलेले माणूस चित्रपट पाहते, हे आम्हाला मान्य. पण विनोदाला एकट्याने कितीसे हसणार? राजा परांजप्यांचा 'लाखाची गोष्ट' किंवा पु. लं.चा 'गुळाचा गणपती' रिकाम्या खोलीत पाहून बघा आणि मग पन्नास माणसांत पाहा. शिवाय घरून निघायचे म्हणजे दाढी करायची, साडी बदलायची, जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा. डॉक्टर जे चालणे सांगतात आणि आपण टाळतो, ते या निमित्ताने होते.

या बाबतीत इंग्लंडमध्ये झालेला एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. पन्नाशीपुढच्या दोन हजारांहून अधिक लोकांची तिथे सुमारे दहा वर्षे नोंद ठेवली गेली आणि २०१८ च्या डिसेंबरात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चित्रपट, नाटक किंवा वस्तुसंग्रहालय पाहायला दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्य येण्याचे प्रमाण न जाणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी आढळले. महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांमध्ये ४८ टक्क्यांनी कमी. आता जो मुळातच धडधाकट आणि हौशी असतो तोच बाहेर पडतो, हेही खरे. अभ्यासकांनी तब्येत, पैसा वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या, तरी अशा आकड्यांवरून चित्रपट हे औषध आहे असे कोणी म्हणू नये. पण त्याच देशात ओडियन आणि पिक्चरहाउस या थिएटरांच्या साखळ्यांनी ज्येष्ठांसाठी आठवड्याच्या दिवशी, दिवसाउजेडी, स्वस्त तिकिटाचे खेळ चालवले. सोबत चहा आणि बिस्किटे. हे त्यांनी धर्मादाय म्हणून केले नाही. मंगळवारी-बुधवारी दुपारी थिएटर नाही तरी ओसच असते, हा त्यांचा व्यापारी हिशेब.

आणि नेमका हाच हिशेब आपल्या सभागृहालाही लागू पडतो. ठरावाला खरा विरोध आहे तो भाड्याच्या मुद्द्यावर. आठवड्याच्या दिवशी साड्यांचे सेल, कपड्यांची प्रदर्शने आणि कंपन्यांच्या बैठका यांना सभागृह दिले जाते. त्यातून देखभाल निघते, चौकीदाराचा पगार निघतो. ते उत्पन्न सोडायचे का, असे खजिनदारांचे म्हणणे आहे. खजिनदारांनी असे म्हणायलाच हवे, नाहीतर त्यांना त्या जागी बसवण्यात अर्थ नाही. पण वर्षाचे बावन्न बुधवार घ्या. त्यांतले लग्नसराईचे, गणपतीचे आणि दिवाळीचे सोडा. त्या दिवशी खेळ नको, यावर ठराव मांडणारेही राजी आहेत. उरलेल्या बुधवारांपैकी गेल्या वर्षी किती दिवस सभागृह दुपारी अडीच ते साडेपाच या वेळेत खरोखर भाड्याने गेले होते, याचा आकडा खजिनदारांनी सभेपुढे ठेवावा, एवढीच आमची विनंती. तो मोठा निघाला तर आम्ही हा लेख मागे घेऊ. आमचा अंदाज वेगळा आहे. आणि एक गोष्ट त्यांच्या वहीत सापडणार नाही. हे सभागृह ज्यांनी पै-पै जमवून बांधले, ज्यांनी सुटीच्या दिवशी उभे राहून विटा मोजून घेतल्या, त्यांतले जे हयात आहेत तेच हा ठराव मांडत आहेत.

दुसरा वाद भाषेचा. चित्रपट मराठीच हवेत, नाहीतर मराठी मंडळाचा संबंध काय, असे एक मत. आणि सत्तर वर्षे हिंदी मुलखात राहिल्यावर दिलीपकुमारला बाहेर ठेवणार का, असे दुसरे. 'नया दौर'मधली टांगा आणि मोटारीची शर्यत ज्या बुधनीला चित्रित झाली, ते गाव येथून होशंगाबादच्या रस्त्यावर आहे. तो आपला चित्रपट नाही असे कोण म्हणेल? या वादावर तोडगा आपल्याच पूर्वजांनी काढून ठेवला आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तिच्या उत्तम काळात एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा केला. १९३७ चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, १९३९ चा 'माणूस' हिंदीत 'आदमी'. आणि १९४१ चा 'शेजारी' झाला 'पडोसी'.

पहिला खेळ 'शेजारी'चाच असावा, असे आम्हाला वाटते. शांतारामबापूंचा हा चित्रपट एका गावातल्या दोन म्हाताऱ्या मित्रांचा आहे, जिवबा आणि मिर्झा. बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे दोन शेजारी. गावात धरण बांधायला आलेला माणूस आपल्या फायद्यासाठी त्यांच्यात वितुष्ट आणतो. मराठीत जिवबा केशवराव दात्यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदीत मिर्झा जागीरदारांचाच राहिला, पण ठाकूर केला मजहर खान यांनी; म्हणजे हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू. लाहोरचा ठराव होऊन जेमतेम वर्ष लोटले असताना हे धाडस त्यांनी केले. शेवट आम्ही सांगत नाही. ज्यांना आठवतो त्यांनीही तो शेजारच्या खुर्चीला सांगू नये.

आणि त्या दिवशी आपल्या मंडळींनी जुन्या भोपाळातले आपले शेजारी बरोबर आणावेत. जहांगीराबाद, इब्राहिमपुरा, शाहजहानाबाद या भागांत आपल्यापैकी कितीतरी जणांचे नोकरीतले सोबती राहतात. ईदला शेवया आणि दिवाळीला करंज्या यांची देवघेव ज्यांच्याशी चाळीस वर्षे चालली ते निवृत्तीनंतर भेटेनासे झाले आहेत. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर ज्यांची फुप्फुसे कधीच पूर्ववत झाली नाहीत, असेही त्यांत अनेक आहेत. त्यांना चार जिने चढवणारे थिएटर चालत नाही. आपले सभागृह तळमजल्यावर आहे.

आता कायद्याचे. उत्साहाच्या भरात पेनड्राइव्हवरून वाटेल ते दाखवता येणार नाही. आपल्या घरी वर्गणी भरून घेतलेले ओटीटी सभागृहात लावणेही चालत नाही. ती वर्गणी घरापुरती असते. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क, तो प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. म्हणजे १९६४ पर्यंत आलेल्या चित्रपटांवरचा हा हक्क संपलेला आहे. त्यातली कथा आणि गीते यांचे हक्क कधी कधी निराळे असतात, तेव्हा आपल्यातल्या वकील सभासदांनी एकेक नाव तपासून द्यावे. तरीही यादी पाहा: 'संत तुकाराम' १९३६ चा, 'रामशास्त्री' १९४४ चा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा 'श्यामची आई' १९५३ चा, पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चाललेला 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'जगाच्या पाठीवर' १९६० चा, 'पाठलाग' १९६४ चा. ज्यांच्यासाठी हे करायचे त्यांच्या तारुण्यातले चित्रपट हेच आहेत. सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र असलेलीच प्रत हवी आणि जागेच्या परवान्याबद्दल जिल्हा प्रशासनाकडे आधी लेखी विचारणा करावी. नंतर कोणी तक्रार केली म्हणून पोलीस दारात यावेत आणि ऐंशी वर्षांच्या आजींना मध्यंतरात उठवावे, असे व्हायला नको.

हे झाले आपल्या हातातले. आता सरकारबद्दल दोन शब्द.

आपल्या राज्याला 'सर्वाधिक चित्रपटस्नेही राज्य' हा राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला, २०१७ सालासाठी आणि पुन्हा २०२० सालासाठी. २०२० मध्ये राज्याने चित्रपट पर्यटनाचे धोरण आणले. मुंबईहून येऊन येथे चित्रीकरण करणाऱ्यांना त्यातून अनुदान मिळते. भोपाळच्या गल्ल्या पडद्यावर येतात याचा आम्हालाही आनंद आहे. पण ज्यांनी साठ वर्षे तिकिटे काढून हा धंदा पोसला, त्या प्रेक्षकासाठी या स्नेहात एक ओळही नाही. चित्रीकरणाला येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता अडवला जातो. पाहायला जाणाऱ्या म्हाताऱ्यासाठी पायरीला कठडा लावला जात नाही. १९८२ मध्ये भारत भवन उभे राहिले तेव्हा रंगमंडल, रूपंकर, वागर्थ यांच्याबरोबर चित्रपटांसाठीही एक विभाग योजला गेला होता, त्याचे नाव 'छवि'. ज्या शहराने चाळीस वर्षांपूर्वी चित्रपटाला कवितेच्या आणि चित्रकलेच्या शेजारी बसवले, त्या शहरात आज ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक दुपार मागावी लागते.

ज्येष्ठांकडून काढून घेताना मात्र कोणी संकोच केला नाही. रेल्वेच्या भाड्यातली सवलत, पुरुषांना चाळीस टक्के आणि स्त्रियांना पन्नास, मार्च २०२० मध्ये साथीचे कारण सांगून थांबवली. साथ गेली, गाड्या भरून धावू लागल्या, सवलत परत आली नाही. मुलांकडे पुण्याला वर्षातून दोनदा जाणारे आपले सभासद आता एकदा जातात. दुसरीकडे, मत मात्र घरी येऊन घेतले जाते. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत ऐंशी वर्षांवरील मतदारांना घरूनच मतदान करण्याची सोय होती. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी ही मर्यादा पंच्याऐंशी वर्षांवर नेण्यात आली. सोय चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण मतदान अधिकारी, पोलीस आणि छायाचित्रकार असा सारा ताफा ज्या घरी पाच वर्षांतून एकदा पोचू शकतो, त्या घरातल्या माणसाला दर बुधवारी दीड किलोमीटरवर पोचवणारी एक गाडी नगर निगमला का सापडू नये?

पुणे, ठाणे, नवी मुंबई येथील महापालिकांनी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे बांधली आहेत. पेपर, कॅरम, बसायला बाके, कुठे कुठे टीव्ही. फार काही थोर नाही, पण दुपारी जायला जागा आहे, आणि ती जागा मागून घेणारे ज्येष्ठ नागरिक संघ तिथे वॉर्डावॉर्डात आहेत. भोपाळच्या नगर निगमात पंच्याऐंशी वॉर्ड आहेत. सामुदायिक भवने बांधलेली आहेत. लग्ने नसतील तेव्हा त्यांना कुलूप असते. आमची मागणी बांधकामाची नाही. या भवनांपैकी जी तळमजल्यावर आहेत आणि ज्यांत चालू स्थितीतले स्वच्छतागृह आहे, ती आठवड्यातून एक दुपार त्या त्या वॉर्डातल्या ज्येष्ठांना विनाशुल्क द्यावीत, एवढेच. तेथे त्यांनी चित्रपट पाहावा, भजन करावे किंवा नुसते बसावे. २०२२ मध्ये निवडून आलेल्या निगमाची मुदत २०२७ मध्ये संपते. मंडळाच्या दारी हात जोडून येणारे उमेदवार त्या वेळी कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्यापुढे हा कागद ठेवला जाईल आणि त्यांचे उत्तर या अंकात जसेच्या तसे छापले जाईल.

थिएटरवाल्यांनाही एक सांगणे आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. आठवड्याच्या दिवशी दुपारी शंभराच्या आत एक खेळ ज्येष्ठांसाठी ठेवावा, दिवे अर्धवट चालू ठेवावेत, आवाज उतरवावा. दोनशे मराठी घरांतून त्याची जाहिरात फुकट करून देण्याची जबाबदारी आमची.

ही मागणी केवळ मराठी माणसांसाठी का नाही, असे विचारणारेही आपल्यात आहेत. २०११ च्या जनगणनेत या राज्यात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांच्या वर होते, आणि आपली शक्ती दाखवण्याची संधी असताना ती सर्वांत वाटून टाकणे हे राजकारण नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटत नाही. मराठी माणसाने मागितले आणि ते वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मिळाले, तर त्या वॉर्डात मराठी माणसाची आठवण राहील. फक्त आपल्यापुरते मिळाले तर पुढच्या महापौरांच्या वेळी ते बंद होईल.

सभेत ठराव संमत झाला तर पुढच्या व्यवस्थेबद्दल काही गोष्टी आताच ठरलेल्या बऱ्या. खेळ अडीचला सुरू व्हावा, सव्वापाचला माणसे रस्त्याला लागावीत. मध्यंतरे दोन, प्रत्येकी पंधरा मिनिटांची. चहा बिनसाखरेचा आणि साखरेचा अशा दोन किटल्यांत, किटलीवर चिठ्ठी लावून. मागच्या कोजागरीला दुधाच्या बाबतीत जो गोंधळ झाला तो पुन्हा नको. भिंतीकडचे दिवे चालू राहावेत. निवडलेल्या चित्रपटांची यादी महिनाभर आधी फलकावर लागावी आणि तिच्यात निदान दर चौथा चित्रपट सभासद भगिनींनी निवडलेला असावा, कारण आमच्या समितीत आजच्या घडीला सगळे पुरुष आहेत आणि त्यांची पसंती ऐतिहासिक चित्रपटांच्या पलीकडे जात नाही. ने-आण करायला चारचाकी असलेल्या तरुण सभासदांनी महिन्यातून एक बुधवार द्यावा. कार्यालयात दुपारी दोन तासांची सुटी मिळवणे सोपे नाही हे आम्ही जाणतो, म्हणून महिन्यातून एकच मागतो.

आणि खुर्च्या. सभागृहातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हलक्या आहेत आणि बऱ्याचशा बिनहाताच्या. त्यांतून उठताना धरायला काही नसते. पन्नास हातांच्या, जड, पाठ सरळ असलेल्या खुर्च्या लागतील. क्वार्टर सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या अनेक घरांत जुन्या सागवानी खुर्च्या गच्चीत किंवा माळ्यावर पडून आहेत. त्या ज्यांना देता येतील त्यांनी सभेच्या आधी मंडळाच्या कार्यालयात कळवावे. उचलून आणण्याची व्यवस्था मंडळ करील.